सगळ्यांच्या गाड्या सारख्या, मग टायर ज्याचे त्याचे कसे? (एनएस २०० क्लब रेस)

वणीवाला_एनएस

राम राम मंडळी. थोडं मोठं लिहून राहिलो पण पूर्ण वाचा अन् मग सांगा.

वणी, मारेगाव, पांढरकवडा इकडच्या पोट्ट्यांचा आमचा एक ग्रुप आहे. सगळ्यांजवळ पल्सर एनएस २००, बहुतेक जुन्याच घेतलेल्या. सोयाबीन विकलं, कापसाचा पहिला वेचा झाला की हातात थोडे पैसे राहतात, तेव्हा वर्गणी काढून एक कार्टिंगचा ट्रॅक दिवसभरासाठी भाड्यानं घेतो, अॅम्ब्युलन्स उभी करतो, अंगावर पूर्ण सेफ्टी गिअर घातल्याशिवाय कोणाले आत सोडत नाही, अन् आपसात रेस लावतो. बक्षीस म्हणजे एक ढाल अन् सगळ्यांचं जेवण. नियम पहिल्यापासून एकच, गाडी कंपनीतून आली तशी पाहिजे. इंजिन, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सायलेन्सर, चेन-स्प्रॉकेट कशालेच हात लावायचा नाही. आरसे, इंडिकेटर, साडीगार्ड, स्टँड काढायचं एवढंच. टायरचं मात्र कोणी लिहूनच ठेवलं नाही, कारण तालुक्याच्या दुकानात जे भेटते तेच सगळ्यांच्या गाडीले राहते.

या हंगामात आमच्यातल्याच एका भावानं नागपूरवरून बाहेरच्या कंपनीचे सॉफ्ट टायर आणून टाकले, मागं १३० मिलिमीटर रुंदीच्या जागी १४०. आधी तो मधल्या घोळक्यात राहायचा, आता सरळ पुढं निघून जाते, बाकीचे जिथं गॅस सोडतात तिथं तो उघडून राहते. त्यानं चोरी केली असं मी म्हणत नाही, नियमच नव्हता. पण ग्रुपमध्ये आता दोन बाजू झाल्या. एका बाजूचं म्हणणं टायर म्हणजे जिवाचा विषय, चांगला टायर घालणाऱ्याले कसं अडवता. दुसरी बाजू म्हणते ठीक आहे, मग आम्ही पण टाकतो. अन् इथंच मले भीती वाटते, कारण तसे टायर टाकणं जमणारे चार-पाचच आहेत. मारेगावकडचा एक पोट्टा आहे, घरी कोरडवाहू शेती, गाडी सगळ्यात जुनी, पण ब्रेकिंग त्याचं असं की पाहत राहावं. तो परवा बोलला, दादा तुम्ही टायर खुले केले तर मी येणं बंद करतो, ट्रॅकचं भाडं अन् पेट्रोल एवढंच जमते मले. तो गेला तर आमच्या रेसले काय अर्थ राहिला सांगा. रेस सुरूच यासाठी केली होती का गाडी सारखी ठेवून कोण कसा चालवते ते पाहू.

म्हणून विचारतो. टायर एकच ठरवून द्यावा का, ठरवला तर कोणता, अन् तो खरंच पाळला का हे पाहायचं कसं? आमच्यापाशी काही लॅब नाही, एक हवेचा पंप अन् एक मिस्त्री आहे. मोठ्या रेसमध्ये हे कसं करतात कोणाले माहीत असेल तर नीट सांगा.

उमरखेड_रायडर

माझं मत वेगळं आहे अन् स्पष्ट सांगतो. टायर मोकळे ठेवा. गाडी अन् जमीन यांच्यात टायरशिवाय दुसरं काही नाही. एखाद्याला स्वतःच्या पैशानं जास्त पकड पाहिजे असेल तर त्याला नाही, तू कमी पकडीचाच टायर घाल असं म्हणणारे आपण कोण? उद्या तो घसरला अन् हात मोडला तर नियम लिहिणारे दवाखान्याचं बिल भरतील का? अन् पैशाचा फरक तर सगळीकडेच आहे, कोणाजवळ चांगला लेदर सूट आहे, कोणी कोइम्बतूरला जाऊन ट्रेनिंग घेऊन येते, त्याच्यावर पण बंदी आणणार का.

दुसरं, सगळ्यांना एकच टायर दिला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. २०१३ चं फिलिप आयलंड आठवा. मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलच्या सगळ्यात मोठ्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, तेव्हा सगळ्यांना ब्रिजस्टोन कंपनीचाच टायर होता, ट्रॅकवर नवीन डांबर टाकलेलं, टायर पूर्ण रेस टिकेना. शेवटी रेस लहान करावी लागली अन् मधात गाडी बदलायची सक्ती केली, त्यात मार्केझ हा रायडर एक लॅप उशिरा आत आला तर त्याला काळा झेंडा, म्हणजे रेसमधून बाद. टायर एकच असला अन् तोच चुकला तर सगळेच अडकतात, पर्यायच राहत नाही.

सेलू_वर्धा

उमरखेड भाऊ, फिलिप आयलंडचं बरोबर सांगितलं, पण त्याच्या आधीचं पण सांगावं लागते, नाहीतर चित्र अर्धंच राहते. मी काही हंगाम चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर एका टीमसोबत पिटमध्ये मदतीला जात होतो, टायर चढवणं-उतरवणं हेच काम, त्यामुळं हा विषय माझ्या आवडीचा आहे.

मोटोजीपीत आधी टायर कंपन्यांची आपसात लढाई होती. युरोपातल्या रेसला मिशेलिन प्रॅक्टिस पाहून रातोरात नवीन टायर बनवायची अन् रेसच्या सकाळी ते ट्रॅकवर हजर, ते पण निवडक रायडरसाठीच. बाकीच्यांनी आधी आणलेल्या टायरवरच भागवायचं. २००७ ला नियम आला की वीकेंड सुरू व्हायच्या आधीच टायर निवडून ठेवायचे, एका रायडरला ३१, त्याच्यावर एक पण नाही. त्याच वर्षी स्टोनर डुकाटीवर ब्रिजस्टोन टायर घेऊन चॅम्पियन झाला. २००८ ला रॉसीनं मागणी करून ब्रिजस्टोन घेतले, त्याचा जोडीदार लोरेन्झो मिशेलिनवरच राहिला, अन् यामाहाच्या एकाच बॉक्समध्ये दोघांच्या मधात भिंत उभी केली. म्हणजे गाडी एक, टीम एक, पण टायरमुळं दोन वेगळ्या रेस सुरू होत्या. मग २००९ पासून सगळ्यांना एकच कंपनी झाली, आधी ब्रिजस्टोन अन् २०१६ पासून मिशेलिन. वर्ल्ड सुपरबाइकमध्ये तर २००४ पासूनच फक्त पिरेली आहे.

यात एक गोष्ट नीट पाहा. कंपनी एक करायच्या दोन वर्षं आधी त्यांनी टायरची संख्या बांधली. वणीवाले भाऊ, तुमच्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटते. समजा तुम्ही एकच मॉडेल ठरवलं, साधं, तालुक्यात मिळणारं. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो प्रत्येक रेसला नवी जोडी टाकणार, अन् मारेगावचा पोट्टा तीच जोडी वर्षभर वापरणार, वरून त्याच टायरवर गावाला जाणं-येणं करणार. रबर एकदा रेसमध्ये चांगलं तापलं अन् थंड झालं की आधीसारखं राहत नाही, तापण्या-थंड होण्याच्या प्रत्येक फेऱ्यात थोडं थोडं कडक होत जाते. टायरवर खाचा पूर्ण दिसून राहिल्या, गोटा झाला नाही, तरी पकड गेलेली राहते. म्हणजे ब्रँड एक करून पण पैसेवालाच पुढं. म्हणून आधी नव्या टायरची संख्या ठरवा, हंगामाला अमुक जोड्या अन् बस, ब्रँडचं त्याच्यानंतर.

आपल्या देशात टीव्हीएसची वन मेक (सगळ्यांना एकाच कंपनीची गाडी) चॅम्पियनशिप १९९४ पासून सुरू आहे, तिथं गाड्या कंपनीच तयार करून देते, टायर पण त्यांचेच, रायडर हेल्मेट अन् सूट घेऊन येते. तिथं टायरचं भांडण होतच नाही. तुमच्याकडं गाडी ज्याची त्याची, ती घरी जाते, शेतात जाते, परत येते. तेव्हा मोठ्या रेसचा नियम उचलून जसाच्या तसा आणू नका. जे तुम्ही ट्रॅकच्या गेटवर उभं राहून डोळ्यानं अन् हातानं तपासू शकता तेवढाच नियम लिहा, जे तपासता येत नाही ते लिहिलं की प्रामाणिक पोट्टा पाळते अन् बाकीचे नाही.

अन् १४० बद्दल. लोक समजतात मागं रुंद टायर म्हणजे जास्त पकड. हिशेब करून पाहा. १३०/७० म्हणजे रुंदी १३० मिलिमीटर अन् बाजूची उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे ९१ मिलिमीटर, १४०/७० ची ९८. म्हणजे चाकाचा व्यास १४ मिलिमीटरनं वाढला, चाकाच्या एका फेऱ्यात गाडी ४४ मिलिमीटर जास्त जाते, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. हे गिअरिंग बदलल्यासारखंच झालं, अन् तेही उलट्या बाजूनं, कार्टिंगच्या छोट्या ट्रॅकवर वळणातून निघताना गाडी उलट मंद होते. शिवाय तोच रिम असला तर रुंद टायर दोन्हीकडून आवळला जाते अन् मधात टोकदार होते. त्या भावाचा फायदा १४० मुळं नाही झाला, सॉफ्ट कंपाउंडमुळं, म्हणजे नरम रबरामुळं झाला. पण तुमचाच नियम चेन-स्प्रॉकेटला हात लावू नका म्हणतो ना, मग टायरची साइज बदलणं त्याच नियमात बसत नाही. साइज तर आजच्या आज लिहून टाका, १००/८०-१७ पुढं अन् १३०/७०-१७ मागं.

दारव्हा_टायरवाला

माह्यं दारव्ह्याले टायरचं दुकान हाये, तुमच्यातले काही पोट्टे माह्याकडूनच नेतात म्हनून लिहून राह्यलो. सेलूवाल्या भाऊनं संख्येचं बोललं ते शंभर टक्के बरोबर हाये. आता दुकानाच्या बाजूनं सांगतो.

टायर ठरवाचा तं असा ठरवा का जो वणीत बी भेटन, यवतमाळात बी भेटन अन् पुसदले बी भेटन. मंगाव लागन, आठ दिस थांबा लागन असा नको. तुमच्या साइजमदी एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप तिघाईचेबी टायर येतात. सिएटचा तं कारखानाच आपल्या बुटीबोरीत हाये, दुचाकीचेच टायर निघतात तिथून, पन म्हनून तोच घ्या असं मी नाई म्हनत. ज्याचा टायर सगळ्याईले एकाच खेपेत देता येते तो घ्या.

काहून म्हनता एकाच खेपेत, तं टायरवर बाजूनं चार आकडे राह्यतात, ३५२४ असं लिहेल असन तं २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनला असं समजाचं. नाव तेच, मॉडेल तेच, पन एक टायर दोन साल दुकानात उन्हात टांगून राह्यला अन् दुसरा कालचा आला, तं रबर सारखं कसं राहीन? आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुमाले मालूम हाये. म्हनून समद्याईचे टायर एकाच वेळी, जमन तं एकाच आठवड्याचे घ्या, सगळे एका ढिगात ठेवा अन् चिठ्ठ्या टाकून वाटा. मंग कोनी म्हनू शकत नाई का त्याले चांगला भेटला अन् मले नाई. तिथंच बाजूवर पक्क्या रंगानं गाडीचा नंबर टाका, अन् ते चार आकडे वहीत लिहून ठेवा. गेटवर वही उघडली का पाच मिन्टात तपासनं होते.

तिथंच शेवटी एक अक्षर बी राह्यते, ते पाहत जा. ते टायर किती वेगाले चालते ते सांगते, पी असन तं ताशी १५० किलोमीटरपर्यंत, एस १८०, एच २१०. पीच्या खालचा टायर ट्रॅकवर नको, स्वस्त भेटते म्हनून कोनी दुसराच टायर चढवून आनला तं वापस पाठवा.

अजून एक, हे कोनी बोलत नाई पन बोललं पायजे. काही ठिकानी पोट्टे रबर नरम कराले टायरले थिनर, डिझेल असं काहीबाही लावून ठेवतात. हे बिलकुल होऊ देऊ नका. दोन-चार लॅप पकड येते, पन आतली दोरी अन् रबर याचं चिकटनं कमजोर होते, टायर फुगते, पापुद्रे निघतात, अन् जोरात वळनात असताना निघाले तं काय होईन ते सांगाची गरज नाई. तपासाचं सोपं हाये. टायर हातानं घासून वास घ्या. अन् रबराचा कडकपना मोजाचं एक लहानसं मीटर येते, ड्युरोमीटर म्हनतात, ऑनलाइन भेटते. नवा टायर आला तवाच त्याचा आकडा वहीत लिहून ठेवा. टायर वापरला का आकडा वर जाते, कडक होते. ज्याचा आकडा खाली आला त्याले बाजूले घ्या अन् इचारा. फक्त सगळे टायर सावलीत, एकाच वेळी मोजा, तापलेला टायर नरमच लागते.

आर्वी_पाटवाला

एक सुचवतो. शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) गावगाड्याच्या जोड्या अन् नामांकित जोड्या यांचे गट वेगवेगळे लावतात, म्हणून लहान शेतकरी पण आपली जोडी घेऊन येते अन् त्याच्या गटात तो जिंकू शकते. तुम्ही पण दोन गट करा, एक साध्या टायरचा, एक खुला. कोणावर बंदी नको, कोणाचं मन दुखणार नाही.

वणीवाला_एनएस

आर्वीवाले दादा, विचार चांगला आहे, पण आमच्याकडं गाड्याच किती. दोन गट केले तर खुल्या गटात चार गाड्या राहतील अन् त्यात काय मजा. शिवाय साध्या गटात जिंकलेल्याले लोक दुसऱ्या नंबरचाच समजतील. मले ते नको आहे.

टायरवाले काका, चिठ्ठ्यांचं लय आवडलं.

वरोरा_भारी

माझा मुद्दा थोडा बाजूचा आहे पण महत्त्वाचा आहे. माझं वजन ९२ किलो आहे. मारेगावचा पोट्टा मी पाहिला आहे, पंचावन्नच्या वर नसेल. टायर सारखे झाले म्हणजे सगळं सारखं झालं असं कोणी समजू नये. मोटो३ मध्ये (मोटोजीपीसोबतच होणारा लहान गाड्यांचा गट) गाडी अन् रायडर मिळून कमीत कमी १५२ किलो पाहिजे असा नियम आहे, तो याच्याचसाठी आहे, हलक्या पोट्ट्याला फुकटचा फायदा नको म्हणून. तुम्ही वजनाचा नियम करा असं मी म्हणत नाही, आपल्या ग्रुपला ते झेपणार नाही अन् मला पण कोणाच्या गाडीला शिसं बांधायला लावायचं नाही. पण टायरची संख्या ठरवताना हे धरा. माझा मागचा टायर हलक्या पोट्ट्याच्या आधी संपते, नेहमी. हंगामाला एकच जोडी केली तर शेवटच्या रेसला माझ्या गाडीखाली काहीच राहणार नाही. पुढचा एक अन् मागचे दोन ठेवा, ही माझी विनंती आहे. अन् पंक्चरचं पण ठरवा, आपल्याकडं बाभळीचा काटा कोणाच्या टायरात जाईल सांगता येत नाही, टायर फेकावा लागला तर बदली कसा मिळेल ते आधीच लिहा, ऐन वेळी भांडण नको.

घुग्गुस_रोड

ज्याच्याबद्दल बोलणं सुरू आहे तो मीच. सगळं वाचलं. राग नाही, पण माझी बाजू पण ऐका.

मी ते टायर रेससाठी घेतले नव्हते. मी रोज वणी-घुग्गुस रोडनं ड्युटीवर जातो, कोळशाच्या ट्रकांचा रस्ता, पावसाळ्यात कोळशाची भुकटी अन् पाणी मिळून जो चिखल होते त्यावर जुने टायर बिलकुल धरत नव्हते. माझ्या गल्लीतला एक जण तिथंच पडून गेला. घरच्यांनी सांगितलं गाडी विक नाहीतर टायर बदल. तेव्हा मी पगारातून हप्त्यानं घेतले. दुकानदार बोलला १४० बसते, मी बसवला. मग तीच गाडी घेऊन ट्रॅकवर आलो, माझ्याजवळ दुसरी गाडी नाही अन् दुसरे रिम पण नाहीत.

दुसरं, मी फक्त टायरमुळं पुढं गेलो हे मला मान्य नाही. मी वर्षभर व्हिडिओ लावून लावून माझं ब्रेकिंग पाहिलं, कुठं लवकर पकडतो ते लिहून ठेवलं. त्याची काही किंमत आहे की नाही? नियम करा, मी पाळतो, पण पुढच्या हंगामापासून करा. चालू हंगामाच्या मधात नियम बदलून माझे आधीचे नंबर काढून घेतले तर ते पण अन्यायच होईल.

अन् एक प्रस्ताव आहे. पुढच्या वेळी ट्रॅक घेतला की सकाळच्या प्रॅक्टिसला माझी गाडी मारेगावच्या भावाला द्या अन् त्याची मला. दोघांचे टाइम घ्या. सगळ्यांच्या समोर काय ते दिसेल.

सेलू_वर्धा

घुग्गुस भाऊ, मनापासून बोललात, अन् हंगामाच्या मधात नियम बदलू नये हे तर कोणत्याही रेसचं पहिलं तत्त्व आहे. तुमचे नंबर तुमचेच. रोजच्या रस्त्यासाठी चांगला टायर घेतला ते उत्तमच केलं, ते टायर रोज वापरा. रेसच्या दिवशी क्लबचे टायर चढवायचे, त्यासाठी मिस्त्रीला सकाळी लवकर बोलवा, ज्याला गरज त्याचे बदलून देईल.

हवेचं राहिलं ते लिहितो, कारण टायर सारखे झाले की पुढचं भांडण हवेवरच होते. बंद टायरातली हवा तापली की दाब वाढते. २७ अंशाला २८ पीएसआय भरली अन् आतली हवा ६७ अंशापर्यंत गेली तर तोच आकडा साडेतेहतीसच्या वर जाते. हिवाळ्यात पहाटे १७ अंशात कोणी भरली अन् दुसऱ्यानं दुपारी ३२ ला भरली, दोघंही म्हणतील आम्ही २८ भरली, पण खरा फरक दोन पीएसआयचा पडला. म्हणून एकच गेज ठेवा, क्लबचं, ज्याच्या त्याच्या गेजवर जाऊ नका, दोन गेज एकसारखा आकडा दाखवतील याचा भरवसा नसते. अन् रेसच्या आधी सगळ्या गाड्या सावलीत एका रांगेत, टायर थंड असताना मोजा.

किती भरायची ती मोकळीक रायडरला द्या, तो त्याच्या कौशल्याचा भाग आहे, वरोऱ्याच्या भाऊला अन् हलक्या पोट्ट्याला एकच दाब चालणार नाही. फक्त खाली किती उतरायचं याची एक मर्यादा ठेवा अन् ती टायरच्या कंपनीला विचारून ठरवा. मोटोजीपीत पण हेच आहे, पुढच्या टायरला कमीत कमी १.८ बार, म्हणजे २६ पीएसआय, अन् रेसचे ६० टक्के लॅप त्याच्या वर राहिला नाही तर १६ सेकंदांचा दंड. २०२५ ला थायलंडमधल्या बुरीरामला मार्केझ पुढं होता अन् त्यानं मुद्दाम रेसमधल्याच आपल्या भावाला पुढं जाऊ दिलं, त्याच्या मागं राहून टायर तापवला, दाब वर आणला, अन् शेवटी परत पुढं जाऊन जिंकला. टायर एकच असला तरी डोकं वापरायला जागा राहते हे उमरखेडच्या भाऊंनी पण पाहावं.

आणखी एक, हे कळकळीनं सांगतो. नवे टायर मिळाले की पोट्टे ते घासून आणायला रोडवर निघतात, करंजीच्या हायवेवर गाडी वाकवतात. ते करू नका. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पण कायद्याचं सोडा, समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली बिनालाइटची येते. नव्या टायरची वरची चकाकी जाईपर्यंत पहिलं सेशन सगळ्यांनी हळू चालवायचं, हळूहळू झुकाव वाढवायचा, हे ट्रॅकवरच करा अन् नियमातच लिहा.

उमरखेड_रायडर

वाचून विचार केला. माझा सेफ्टीचा मुद्दा मी सोडत नाही, पण पी-एस-एच चं अक्षर, जुना टायर बंद, अन् हवेची खालची मर्यादा हे तिन्ही नियमात येत असेल तर माझी बऱ्यापैकी काळजी मिटते. एक अट मात्र घाला. पाऊस आला तर काय? सगळ्यांचा टायर खाचांचा, रोडचा आहे, त्यामुळं ओल्यात चालेल, पण ज्याला नाही उतरायचं त्याला न उतरायची मोकळीक द्या अन् त्या रेसचे गुणच धरू नका.

वणीवाला_एनएस

सगळ्यांचं वाचून रविवारी आम्ही बसलो, त्याच्या आधी ट्रॅकवर अदलाबदल पण करून पाहिली. मारेगावचा पोट्टा घुग्गुसवाल्या भावाच्या गाडीवर गेला तर तो या हंगामात कोणाचाच आला नव्हता एवढा कमी टाइम घेऊन आला. अन् घुग्गुसवाला जुन्या टायरवर बसला तर मागं आला, हे खरं, पण पहिले जिथं राहायचा त्याच्यापेक्षा पुढंच राहिला. म्हणजे त्यानं मेहनत केली हे पण सगळ्यांनी पाहिलं. दोघांनी तिथंच हात मिळवला, मले लय बरं वाटलं.

ठरलं ते असं. चालू हंगामाचे नंबर जसेच्या तसे, त्याले कोणी हात लावायचा नाही. पुढच्या हंगामापासून एकच मॉडेल, कंपनीच्याच साइजचं, पुढचा एक अन् मागचे दोन, सगळे एकाच खेपेतले, चिठ्ठी टाकून, वहीत आकडे अन् बाजूवर रंगाचा नंबर. काट्यानं किंवा खिळ्यानं टायर गेला तर प्लग लावून ट्रॅकवर यायचं नाही, वहीत लिहून बदली टायर घ्यायचा, पण तो नवा कोरा नाही, क्लबजवळ जे थोडे वापरलेले राहतील त्यातला. हवेचं गेज क्लबचं. पहिलं सेशन हळू. पावसाचं उमरखेडच्या भावानं सांगितलं तसंच. रोजच्या गाडीले कोणता टायर घालायचा ते ज्याचं त्यानं पाहावं, त्यात क्लब बोलणार नाही.

पैशावर सगळ्यात जास्त वेळ गेला. टायर ज्यानं त्यानं घ्यायचे म्हटलं तर परत तेच झालं असतं, म्हणून टायरचे पैसे वर्षाच्या वर्गणीतच धरले अन् वर्गणी दोन भागात केली, अर्धी दसऱ्याले अन् अर्धी कापूस विकल्यावर. ढाल या वर्षी नवीन करायची नाही, जुनीच फिरती ठेवायची, ते पैसे टायरमध्ये. जेवण मात्र राहणार. मारेगावचा पोट्टा येऊन राहिला.

वजनाचं यावेळी काही ठरलं नाही वरोऱ्याचे भाऊ, मागचा दुसरा टायर मिळाला एवढंच सध्या. पुढच्या बैठकीत तुम्ही स्वतः या अन् मांडा.

टायरवाले काका, एवढे टायर एकाच आठवड्याचे पाहिजे असतील तर तुम्हाले ऑर्डर कधीपर्यंत द्यावी लागेल? अन् दारव्ह्यावरून आणायले आम्ही गाडी करू का?

दारव्हा_टायरवाला

दसऱ्याच्या महिनाभर आधी सांगा, म्हंजे मी डीलरले एकाच खेपेचे बाजूले काढून ठेव म्हनतो. गाडी कायले करता, एसटीच्या पार्सलनं पाठवून देतो. फक्त आल्यावर उन्हात ठेवू नका, अन् वाटाच्या आधी सगळ्याईचे आकडे एकदा दोघा-तिघाईनं मिळून वाचून घ्या. ते कडकपना मोजाचं मीटर माह्याजवळ हाये, पह्यल्या रेसले मीच घेऊन येतो.